लाख बीजांची मेंढी, चार कोकरं

मादी कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या दोन्ही अंडाशयांत मिळून हजारो, पुष्कळदा लाखाच्या घरात बीजांडं असतात. आयुष्यभराची शिदोरी तेवढीच. आता हिशेब मांडू. मेंढी साधारण १७ दिवसांनी माजावर येते आणि आपली दख्खनी मेंढी एका माजाला बहुधा एकच बीजांड सोडते. या चालीनं लाख बीजांडं संपवायची तर तिला सुमारे ४,६०० वर्षं जगावं लागेल. सिंधू संस्कृतीच्या भरात जन्मलेली मेंढी आज कुठं शेवटच्या माजाला आली असती! एकही माज न चुकता सात वर्षं धरली तरी बीजांडं होतात दीडशे. गाभणपणाचे आणि दुभतेपणाचे महिने वजा केले की त्याहून कितीतरी कमी. मग उरलेल्या ९९,८५० चं काय होतं? ती मरतात. पाळीपाळीनं वाढीला लागतात आणि वाटेतच विरघळून जातात. हे मरण कोकरू आईच्या पोटात असल्यापासूनच सुरू झालेलं असतं.

सुपरओव्ह्युलेशन म्हणजे या मरणाऱ्यांपैकी थोड्यांना वाचवणं. इंजेक्शननं नवी बीजांडं तयार होतात, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. प्रत्येक खेपेला अनेक बीजपुटक, म्हणजे बीजांडाच्या पिशव्या, एकदम वाढू लागतात. त्यांना जगवतं एफएसएच नावाचं संप्रेरक. त्यातलं एखादं पुढं सरकलं की ते मेंदूला असे निरोप धाडतं की एफएसएचचा पुरवठाच घटतो. पुढारलेलं तगतं, बाकीची उपाशी मरतात. बाहेरून एफएसएच टोचत राहिलं की ही उपासमार टळते. एवढीच युक्ती.

मात्र त्यासाठी उस्तवार फार. १२ ते १४ दिवस मेंढीच्या योनीत संप्रेरकाचा स्पंज बसवायचा, म्हणजे माज हव्या त्या दिवशी येतो. शेवटचे चार दिवस दर १२ तासांनी एक, अशी आठ इंजेक्शनं, कारण हे औषध रक्तात काही तासांपलीकडं टिकत नाही. बाजारात मिळणारं बरंचसं एफएसएच कत्तलखान्यातल्या डुकरांच्या पीयूषिका ग्रंथींपासून काढलेलं असतं. डुकराच्या मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या गाठीतला रस मेंढीच्या अंडाशयाला फसवतो, हे मला अजूनही अजब वाटतं.

नराकडं मात्र आकड्यांची चंगळ. मेंढ्याच्या एका वेळच्या, जेमतेम एक मिलिलिटर वीर्यात ३०० कोटींच्या आसपास शुक्राणू असतात. मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड वेड्यावाकड्या वळ्यांचं असल्यामुळं गाईसारखी नळी सहज आत जात नाही. म्हणून दुर्बिणीतून थेट गर्भाशयात वीर्य सोडतात. तसं केलं तर एका मेंढीला दोन कोटी शुक्राणू पुरतात. म्हणजे एका मिलिलिटरात दीडशे मेंढ्या. कळपात एका मेंढ्याची किंमत शंभर मेंढ्यांहून जास्त का होऊ शकते, याचं उत्तर या भागाकारात आहे. मादीच्या बाजूनं हाच भागाकार जुळवायची सगळी धडपड आहे, आणि तो जुळत नाही.

समजा, इंजेक्शनं दिलेल्या मेंढीनं, म्हणजे डोनरनं, १२ ते १५ बीजांडं सोडली. वीर्य सोडल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी भूल देऊन पोट उघडायचं आणि गर्भाशयाची शिंगं द्रावणानं धुऊन भ्रूण गोळा करायचे. काही बीजांडं नळीत हरवतात, काही फळलेलीच नसतात, काही भ्रूण वाढ खुंटलेले. वापरण्याजोगे उरतात सहाच्या आगेमागे. तीही सरासरी, आणि सरासरी इथं फार फसवते. दहा मेंढ्यांत दोन-तीन जणी काहीच देत नाहीत आणि एखादी वीस देऊन सगळ्यांची लाज राखते. सहा भ्रूण दुसऱ्या, ते पोटात वाढवणाऱ्या रेसिपियंट मेंढ्यांत ठेवले की चारेक कोकरं हाती लागतात. शिवाय प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पोटात आतडी-गर्भाशय चिकटत जातात, त्यामुळं तीच मेंढी पुन्हापुन्हा वापरता येत नाही. लाखापासून निघालो आणि चारावर आलो.

तरीही या चाराच्या मागं जग लागतं, कारण भ्रूण लहान असतो. सहा दिवसांच्या भ्रूणाचा व्यास सुमारे ०.१५ मिलिमीटर. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात २७ लाखांच्या आसपास मेंढ्या भरल्या. तेवढे भ्रूण दाटीनं भरले तर चहाचे दोन चमचे होतील. भारतातल्या ७ कोटी ४३ लाख मेंढ्या एका पेल्यात मावतील आणि जगातल्या सव्वाशे कोटी पाच लिटरच्या कॅनमध्ये. जिवंत मेंढ्या जहाजानं न्यायच्या म्हणजे चारा, रोगराई, विलगीकरण. त्याऐवजी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या, गोठलेले भ्रूण भरलेल्या काड्या!

गोठवायची विद्या साधण्याआधीची गंमत तर याहून थोर. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या संशोधकांनी मेंढीचे भ्रूण सशाच्या मादीच्या बीजनलिकेत ठेवून विमानानं दक्षिण आफ्रिकेला पाठवले. तिथं ते डॉर्पर मेंढ्यांत सोडले आणि बॉर्डर लेस्टर जातीची कोकरं जन्मली. भ्रूण गोठवून, वितळवून कोकरं मिळाली ती १९७० च्या दशकात, तीही केंब्रिजलाच.

ऑस्ट्रेलियात पुढं आणखी एक उडी मारली गेली. महिना-दोन महिन्यांच्या कोकराला एफएसएच दिलं तर त्याचं अंडाशय प्रौढ मेंढीपेक्षाही जोरात फुलतं. एका कोकराकडून सरासरी ऐंशीच्या घरात, कधी शंभरावर बीजांडं निघतात. ती प्रयोगशाळेत फळवायची. गर्भकाळ १५० दिवसांचा. म्हणजे स्वतः पहिल्यांदा माजावर यायच्या वयात तिची पिल्लं दुसऱ्यांच्या पोटातून जन्मून मोकळी. पण इथंही गळती जबर आहे, आणि खर्च त्याहून जबर.

आता उलट टोकाचा आकडा. मेंढीचा जनुकसंच सुमारे २६० कोटी अक्षरांचा आहे. त्यातलं एक अक्षर, फक्त एक, बदललेलं असलं की मेंढी दर माजाला सरासरी दीडेक बीजांड जास्त सोडते. फेक-बी हे त्या जनुकाचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांमुळं ते गाजलं. बदललेलं अक्षर नेमकं कोणतं, ते २००१ मध्ये कळलं. मूळ मात्र बहुधा आपल्याकडचं: १७९० च्या दशकात बंगालहून सिडनीला गेलेल्या मेंढ्यांचं. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत ते आजही आहे. जेमतेम १०-१५ किलोची ही मेंढी जुळी-तिळी सहज देते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकात ही गारोळ आणली, दख्खनीशी संकर केला आणि पिढ्यान् पिढ्या रक्ताच्या चाचणीनं ते अक्षर कुणात आहे ते हुडकत 'नारी सुवर्णा' तयार केली. दख्खनी मेंढी शंभर वेतांत शंभराहून थोडीच जास्त कोकरं देते. जनुकाची एक प्रत असलेली दीडशेच्या आसपास. स्पंज नाही, दुर्बीण नाही, नायट्रोजनची टाकी नाही, आणि एक प्रत असलेला मेंढा वाड्यात सोडला की पुढच्या पिढीत निम्म्या कोकरांत गुण आपोआप उतरतो. रानोमाळ फिरणाऱ्या धनगराला याहून मोठा आकडा नकोच असतो. आईला सड दोनच, त्यामुळं तिसरं कोकरू झालं की त्याच्या दुधाची सोय धनगरालाच बघावी लागते.