पदर, प्याला आणि बावीस नंबरची बस

सनीव्हेलमधल्या एका शाळेचं सभागृह गणपतीसाठी भाड्याने घेतलं होतं. मुलांचे श्लोक झाले, बायकांचं कोळीनृत्य झालं, आणि मग एक पुरुष नऊवारी नेसून लावणीला उभा राहिला. आधी हशा पिकला. मग तो खाली बसला, नजर फिरवायला लागला, आणि हशा हळूहळू विरला, कारण गडी विनोद करत नव्हता. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तासाभराने मी गाडी काढायला गेलो तेव्हा तो पार्किंगमध्ये दिसला. गाडीतला दिवा लावून ओल्या टिश्यूने गालावरची लाली पुसत होता. कानामागे काही राहिलंय का, हे आरशात दोनतीनदा बघत होता. मी म्हटलं, "छान झालं हं." तो म्हणाला, "थँक्यू. आई आलीय पुण्याहून."

ड्रॅग कलावंत, म्हणजे स्त्रीवेषात रंगमंचावर येणारे पुरुष, आणि व्यसन हा विषय निघाला की लोक एक तर साडीबद्दल बोलतात, नाही तर बाटलीबद्दल. मला राहून राहून वाटतं की खरी गोष्ट पार्किंगमधल्या त्या वीस मिनिटांत आहे. रंग चढवताना माणूस एकटा नसतो. केस विंचरायला, निऱ्या काढायला, पिना टोचायला चार हात असतात. उतरवताना बहुधा कोणीच नसतं.

सनीव्हेलपासून चाळीस मैलांवर सॅन फ्रान्सिस्को. आज ते शहर या सगळ्याची काशी मानलं जातं. पण १८६३ साली तिथल्या नगरपालिकेने दुसऱ्या लिंगाचे कपडे घालून रस्त्यावर येणं हा गुन्हा ठरवला, आणि तो कायदा थेट १९७४ पर्यंत टिकला. गंमत अशी की त्याच १८६३ साली भाऊराव कोल्हटकर जन्माला आले. १८८२ मध्ये पुण्यात 'सौभद्र' रंगभूमीवर आलं तेव्हा हेच भावड्या सुभद्रा होऊन उभे राहिले आणि महाराष्ट्र त्यांच्या गळ्यावर भाळला. एका शहरात ज्यासाठी कोठडी, दुसऱ्या शहरात त्यासाठीच तिकीट. म्हणून आपण पुढारलेले होतो असा सूर कोणी लावू नये. आपल्या टाळीला अट होती, आणि ती अट कुठल्याच कायद्यात लिहिलेली नसल्यामुळे रद्दही करता येत नव्हती. लुगडं पडद्याच्या अलीकडे. पलीकडे गेलं की धोतर.

ती अट सर्वांत सुंदर रीतीने पाळली नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी. बालगंधर्वांच्या पातळाची, अंबाड्याची, गजऱ्याची नक्कल घरंदाज बायका करत, हे आपण कौतुकाने सांगतो. १९११ च्या मार्चमध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, हेही कौतुकानेच सांगतो. मला त्या गोष्टीची आता थोडी भीती वाटते. घरात काहीही होवो, अंगावर लुगडं चढलं की जो सुटतो, त्याला रंगभूमीचं नेमकं काय झालेलं असतं? आपण त्याला निष्ठा म्हणतो. दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल असं दिसलं असतं तर शब्द वेगळा वापरला असता.

आणि योगायोग बघा. दारूवरचं आपलं सर्वांत मोठं नाटक, 'एकच प्याला', गंधर्व नाटक मंडळीने १९१९ मध्ये बडोद्यात रंगभूमीवर आणलं. ते बघायला नाटककार गडकरी नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत सावनेरला त्यांचं निधन झालं. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि त्या दारुड्याची बायको सिंधू झाले बालगंधर्व. मराठी माणसाने व्यसनी नवऱ्याच्या बायकोचं दुःख प्रथम ढसाढसा रडून पाहिलं ते एका पुरुषाच्या अंगावर. गडकऱ्यांची नजर बारीक होती. सुधाकर हुशार वकील आहे, सनद तात्पुरती रद्द होते, आणि त्या अपमानाच्या पोकळीत तळीराम पहिला पेला पुढे करतो. दारू आत शिरते ती लाजेच्या फटीतून. पुढे आर्यमदिरामंडळात जी मंडळी भेटतात ती वाईट नाहीत, उलट फार मायाळू आहेत. तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही. व्यसनाचं खरं आकर्षण कशात असतं, हे गडकऱ्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषवेषातले ते त्यांच्या भक्तांना परके वाटले. प्रभातशी संबंध त्या एका चित्रपटावर संपला. साठी ओलांडली, अंग सुटलं, तरी ते लुगडं नेसून उभे राहत होते. तोवर काळ पुढे गेला होता. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या होत्या. झालं ते चांगलंच झालं, यात वादच नाही. पण शेकडो स्त्रीपार्टी नट त्यामुळे बेकार झाले, त्यांच्याविषयी नाट्येतिहासात एखादं वाक्य सापडतं. बालगंधर्वांना चरित्रकार मिळाले. कोरसमधल्या सख्यांचं काय झालं?

त्याचं उत्तर एका नाटकाने दिलं, आणि माझ्या मते या विषयावर मराठीत त्याहून चांगलं काही लिहिलं गेलेलं नाही. सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे', थिएटर अकादमी, १९७९. बर्वे हा संगीत नाटकांच्या पडत्या काळातला किरकोळ स्त्रीपार्टी नट. आता उदबत्त्या विकतो. श्यामराव नावाचा माणूस त्याला राबवतो, मारतो, पिळतो. बर्वे जगतो ते डोक्यात वाजणाऱ्या नाट्यपदांवर. मग जावडेकर आणि बावडेकर हे दोन एकलकोंडे कारकून येतात आणि त्यांचं स्वप्न बर्वेच्या स्वप्नात मिसळतं. बर्वे त्यांच्यासाठी ऑफिसातल्या नलावडेबाई होतो, लग्न होतं, डोहाळे लागतात. ही नशाच आहे, फक्त बाटली दिसत नाही. चौघेही एकाच पेल्यातून पितात, आणि उतरते तेव्हा मार एकट्या बर्वेला बसतो. आळेकरांनी बर्वेची टिंगल केली नाही, दयाही दाखवली नाही. त्याला बाई व्हायचं आहे, की बालगंधर्व व्हायचं आहे, की नुसतंच कोणाला तरी हवंहवंसं व्हायचं आहे, याचा निकाल ते लावत नाहीत. बर्वेला तरी कुठे माहीत असतं?

तमाशाच्या फडाकडे वळलं की सभ्य पडदाही जातो. गौळणीतली मावशी पुरुषच असतो आणि तिला हसायचंच असतं. चित्रपटातल्या नाच्याचं नाव म्हणजे कोल्हापूरचे गणपत पाटील. एक लकब पडद्यावर गाजली आणि मग तीच भूमिका जन्मभर. २००८ साली ते गेले तोवर लोकांनी नट आणि नाच्या यांत फरक केला नव्हता. संसारी माणूस, पण मुलांची लग्नं जमवताना त्यांना या भूमिकेची किंमत मोजावी लागली. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा याच जातीचा. पैलवानी शरीर, कलेची ओढ, आणि फडाला नाच्या हवा म्हणून स्वतःची चाल मोडून घेणं. २०१० मध्ये रवी जाधवांनी त्यावर चित्रपट केला तेव्हा लोक लावण्यांवर थिरकले आणि गुणावर हळहळले. पण गुणा अंगाने 'मर्द' होता म्हणून हळहळले, अशी मला शंका आहे. नसता तर?

अमेरिकेतली वाट वेगळी होती, आणि व्यसनाचा धागा तिथेच ठळक होतो. आपल्याकडे स्त्रीपार्टीला नाटकमंडळी होती. सामुदायिक जेवणाची पंगत, तालीममास्तर, बिऱ्हाड असं सगळं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत होता तो बार. माँटगोमेरी स्ट्रीटवरच्या ब्लॅक कॅटमध्ये होझे सारिया स्त्रीवेषात ऑपेराची विडंबनं गात असे. फसवण्याच्या हेतूने वेष घेतला असं पोलिसांना म्हणता येऊ नये, म्हणून 'मी मुलगा आहे' अशा चिठ्ठ्या कपड्यांवर लावायची शक्कल त्याचीच. (गणपत पाटलांना अशी एखादी चिठ्ठी मिळाली असती तर!) १९५१ मध्ये याच बारच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की समलिंगी लोक जमतात एवढ्या कारणावरून दारूचा परवाना काढून घेता येणार नाही. १९६१ मध्ये सारिया नगरमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि साडेपाच हजारांहून अधिक मतं घेऊन पडला.

न्यायालयाच्या त्या निकालाचा अर्थ नीट पाहावा. एकत्र बसण्याचा हक्क मिळाला तो दारूच्या परवान्याच्या आडून. रंगमंच बारमध्ये, प्रेक्षक पेला हातात घेतलेले, कमाई बक्षिशीवर, आणि ग्रीनरूममध्ये कोणीतरी पाठवलेला ग्लास. पहिल्यांदा 'तू सुंदर आहेस' हे जिथे ऐकलं, तिथेच पहिला घोट. पुढे ही दोन सुखं सोडवून वेगळी करायची म्हटली तर कुठल्या टोकापासून? इलन मायर या संशोधकाने २००३ मध्ये अल्पसंख्याकांवरच्या ताणाची मांडणी केली. भेदभाव तर होतोच, पण तो केव्हा होईल याची सतत वाट बघणं, स्वतःवर पहारा ठेवणं, हाच मोठा बोजा. कानामागची लाली पुन्हा पुन्हा बघणं म्हणजे तोच पहारा. दारू किंवा मेथची नशा पहिलं काम करते ते पहारेकऱ्याला झोपवण्याचं.

हे उघड बोलणाऱ्यांत बोस्टनचा ब्रायन मॅकूक मला महत्त्वाचा वाटतो. रंगमंचावरचं नाव काट्या. 'रूपॉल्स ड्रॅग रेस' या टीव्ही स्पर्धेतून २०१५ मध्ये तो घराघरांत पोहोचला, आणि मेथच्या व्यसनाबद्दल त्याने लपवाछपवी केली नाही. नशेतून बाहेर आलेला म्हणून लोक त्याचं कौतुक करत असतानाच तो पुन्हा घसरला. २०१८ च्या सुरुवातीला, स्वतःचा टीव्ही कार्यक्रम चालू असताना, त्याने थांबत असल्याचं जाहीर केलं आणि उरलेल्या भागांत दुसऱ्या कलावंताला बसवावं लागलं. नंतर तो परतला. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या कहाण्या सरळ चढणीच्या असतात. पुन्हा घसरणं हा आजाराचाच भाग आहे, हे मराठी घरांत पहिल्यांदा शांतपणे सांगितलं ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं तेव्हा पु. लं.चा हात पाठीशी होता. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. सिंधूला अशी जागा असती तर नाटक तीन अंकांतच संपलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कास्ट्रो भागात एका जुन्या घरात १९८३ पासून चालू असलेला कास्ट्रो कंट्री क्लब हे त्या बाजूचं उत्तर. नावावरून बडा क्लब वाटेल, पण आहे तो दारू न मिळणारा कॉफीचा अड्डा. बाहेर पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात. आजूबाजूला बारच बार, आणि मध्ये संध्याकाळी सातनंतर जायला एक अशी जागा. व्यसन सोडणाऱ्याला 'जाऊ नको' हे सगळे सांगतात, 'कुठे जाऊ' याचं उत्तर फार थोडे देतात.

आपल्या माणसांनीही इथे अशी जागा शोधली. १९८६ मध्ये अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी याच बे एरियात 'त्रिकोन' सुरू केली, दक्षिण आशियाई समलिंगी लोकांच्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ही एक. पुण्याचे बिंदुमाधव खिरे सॉफ्टवेअरच्या नोकरीने इकडे आले. मोडलेलं लग्न मागे होतं. स्वतःला मान्य करायला त्यांना या गटाचा आधार मिळाला. परत जाऊन २००२ मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत लिहायला घेतलं. 'पार्टनर' ही कादंबरी त्यातलीच. पुण्यातल्या कित्येक मुलांना स्वतःसाठी शिवी नसलेला मराठी शब्द मिळाला, तो वाटेत कॅलिफोर्नियाचं पाणी पिऊन आला होता, याचं मला मोठं समाधान वाटतं.

आता शीर्षकातली ती बस. सनीव्हेलमध्ये एल कमीनो रियल हा रस्ता म्हणजे आमचा लक्ष्मी रोड. किराणा, डोसा, साड्या, सोनं. त्या रस्त्यावरून बावीस नंबरची बस सॅन होजेला जाते. द अलामीडावर उतरलं की एक साधी इमारत लागते, बिली डीफ्रँक सेंटर. १९८१ पासूनचं हे या भागातल्या समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचं केंद्र. बिली डीफ्रँक हा स्थानिक कृष्णवर्णीय कार्यकर्ता, बायकांच्या वेषात रंगमंचावर उभा राहणारा. १९८० मध्ये तो गेला. आणि पाटीवर लिहिलंय ते त्याचं जन्मनाव नाही, रंगमंचावरचं आहे.

तसं आपणही केलंय. पुण्यात संभाजी बागेशेजारच्या नाट्यगृहावर राजहंसांचं नाव नाही, बालगंधर्वांचं आहे. १९६८ पासून. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. पुण्याहून आलेल्या त्या आईने तिथे नाटकं नक्कीच पाहिली असतील. मध्यंतरात बटाटेवडा खाऊन आत परतताना, पदर सावरत, ती त्या दोन्ही चित्रांसमोरून गेली असेल.