कप्पीचे धनुष्य

अमेरिकेतील मिसुरी राज्याचे हॉलेस विल्बर ॲलन यांना ज्याच्या पेटंटची सनद १९६९ साली मिळाली, ते कंपाउंड धनुष्य हरणाच्या शिकारीसाठी निवडताना पुष्कळजण बाणाचा वेगच प्रथम विचारतात. माझ्या मते ही दृष्टी सदोष आहे. टोकांच्या विकेंद्री कप्प्या फिरल्या, म्हणजे ८० टक्के सवलतीच्या धनुष्यात ६० पौंडांचा ताण पूर्ण ओढीअंती अवघा १२ पौंड उरतो, आणि म्हणूनच नेम स्थिर राहतो. परंतु ही ओढ ठरावीक लांबीवरच थांबत असल्यामुळे ती आपल्या हाताच्या मापाशी जुळणे, ही पहिली शर्त होय. जुने धनुष्य घेताना कापसाचा बोळा भुजांवरून हलकेच फिरवावा. जेथे तंतू अडकेल, तेथे तडा असण्याचा संभव. आणि बाण न लावता प्रत्यंचा कदापि सोडू नये.