तिथीची पाऊणपट

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘पाऊणपट’ हा शब्द फार ओळखीचा. तारण पाहायचं, त्याची किंमत करायची आणि पाऊणपट कर्ज मंजूर करायचं. उरलेला पाव हिस्सा कर्जदाराने स्वतःच्या खिशातून घालायचा. निवृत्तीनंतर हा शब्द सुटला असं वाटत होतं. पण बायकोच्या माहेरचं जुनं घर कर्ली खाडीपासून हाकेच्या अंतरावर, तिथे आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात तो पुन्हा भेटला. भरती किती वाजता, असं मी धक्क्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं. त्याने माझ्याकडे न बघता उलट विचारलं, “आज तिथ काय?”

एकादशी होती. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती पुरी, आणि रात्री पुन्हा साधारण तेव्हाच. भरती रोज सुमारे ५० मिनिटं मागे पडत जाते, त्यामुळे तिथीमागे पाऊण तास धरला की हिशेब घड्याळाशी बऱ्यापैकी जुळतो. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. जागेप्रमाणे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, खाडीत आत गेलं की पाणी उशिरा पोहोचतं, पण गरी टाकणाऱ्याचं एवढ्यावर भागतं. आयुष्यभर कॅलक्युलेटर वापरलेल्या मला हा हिशेब इतका आवडला की त्याच दिवशी मी कालनिर्णय स्वयंपाकघरातून काढून पडवीत टांगलं. बायकोने संकष्टी कशी बघायची म्हणून ते संध्याकाळी परत नेलं.

त्या म्हाताऱ्याला सगळा वाडा आबा म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. मीही त्यांना आबाच म्हणू लागलो. ते मला सायबांनू म्हणत. मी बँकेत होतो हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण खेड्यात अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत असं मी समजलो.

गरवायला मी अगदीच नवखा होतो असं नाही. मुंबईला बदली होती तेव्हा एका सहकाऱ्याबरोबर पवई तलावावर चार-पाच रविवार बसलो होतो. तिथला शौक जुना. १९३६ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशनने तो तलाव मासेमारीसाठी घेतला, आणि पुढे तीच महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन झाली. रोहू, कटला, मृगळ हे गोड्या पाण्यातले सोशीक मासे. त्यांना शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, भाजलेल्या डाळीचं पीठ असं काहीबाही मळून गोळे करून घालायचे. प्रत्येकाच्या गोळ्याची कृती गुप्त. कुणी त्यात बडीशेप घाली, कुणी मध, एकजण तर ब्रँडी घालत असे, आणि ती माशापर्यंत कितीशी पोहोचत असेल याबद्दल आम्हांला शंका होती. ही विद्या पदरी होती म्हणून पहिल्या दिवशी मी खाडीवर कणकेचे गोळे घेऊन गेलो. आबांनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाले, “पोळये करूक हाडलास काय?”

खाडीचा मासा वेगळा, कारण खाडीचं पाणीच दिवसातून दोनदा बदलतं. भरतीला समुद्र आत येतो, सुकतीला सह्याद्रीचं पाणी बाहेर जातं, आणि या येण्याजाण्यात खाद्य वाहत राहतं. पाणी थांबलेलं असतं तेव्हा मासाही थांबलेला असतो. भरती सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास आणि सुकती लागतानाचा तास, एवढीच खरी कचेरीची वेळ. त्यातही उधाणाच्या दिवसांत पाणी इतकं ओढ घेतं की शिसं ठरत नाही, आणि अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी आळसावतं. म्हणून षष्ठीच्या आधीचे किंवा दशमीनंतरचे दिवस आबांना पसंत.

मग प्रत्येक माशाचा स्वभाव. कांदळवनाच्या मुळांशी काळुंदर असतं. ते गरी गिळत नाही, चिमटे काढतं. दोरीवरच्या बोटाला पाल चुकचुकल्यासारखं वाटतं, तेवढ्यात ओढलं तर ठीक, नाहीतर आमिष साफ. त्याला बारीक गरी आणि सोललेल्या सुंगटाचा इवलासा तुकडा. नर-मादी दोघंही पिलांवर पहारा करतात, म्हणून पिलांच्या घोळक्याशेजारी गरी टाकायची नाही हा वाड्यातला नियम. शेंगटी काहीही खाते आणि लागली की हाताला काटा मारते. तो विषारी असतो; सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला तर कळ उतरते, हे मी स्वानुभवाने सांगतो. याच जातीत नर अंडी तोंडात धरून राहतो आणि तेवढे दिवस उपाशी असतो. हे कळल्यापासून शेंगटीला शिव्या घालणं मी कमी केलंय.

तांबोशी ही खरी जिवाची ओढाताण. तिला जिवंत सुंगट हवं, आणि ते गरीला शेपटीकडून लावायचं म्हणजे पाण्यात पाय मारत राहतं. धडका बसली की ती तडक खडकाकडे किंवा मुळांकडे धावते. पहिल्या दोन वावांत तिला अडवली तर मिळाली, नाहीतर तंगूस तुटून हातात. खाडीत सापडते ती बहुधा तरणी असते. थोराड झाली की बाहेर समुद्रातल्या खडपांकडे जाते आणि अंडी तिकडेच घालते. वाळूच्या बाजूला, तारकर्लीच्या किनाऱ्यावरून मुडदुशी मिळतात, अंगठ्याएवढ्या आमिषाला भुलत नाहीत, नखाएवढं लागतं. चवीला मात्र तिच्यापुढे सुरमईनेही गप्प बसावं, असं माझं मत. घरात यावर एकमत नाही.

सामानाबद्दल मी पहिल्या वर्षी वेडेपणा केला. मुलाने परदेशातून काठी आणली, रीळ आणलं, सात रंगांचे रबरी मासे आणले. गरीचा नंबर हा प्रकार तर कुठल्याही परिपत्रकापेक्षा अवघड. आकडा वाढतो तशी गरी लहान होते, एकपर्यंत उतरून आलं की पुढे शून्य लावून पुन्हा मोठी होत जाते. आबांकडे एक लाकडी फळी, तिच्यावर गुंडाळलेलं तंगूस, शिशाचे चार तुकडे आणि डबीत मुस्तादच्या गऱ्या. नॉर्वेची ही कंपनी १८७७ पासून गऱ्या करते. आबांना नॉर्वे ठाऊक नाही, पण दुकानात दुसरी गरी दिली तर ते नखावर टोक घासून परत करतात. नखावर घसरली तर बोथट, रुतली तर चालेल. तर्जनीवर दोरी धरून ते माशाची जात सांगत. माझ्या काठीकडे बघून एवढंच म्हणाले, “सायबांनू, माशाक तुमची काठी दिसता, तुमका मासो दिसना नाय.”

कुठे बसू नये हेही त्यांनीच शिकवलं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचं पाणी मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. १९८७ साली २९ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, आणि आबाही त्या विरोधात होते. तरी किल्ल्याच्या खडपांवर शौकिनांनी गरी टाकलेली त्यांना खपत नाही. आमका पोटासाठी नको म्हणतत, मग ह्यांका मजेसाठी कित्याक, असा त्यांचा मुद्दा. धामापूरच्या तलावावरही आम्ही जातो, पण रिकाम्या हाताने. १५३० सालचा तो तलाव, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. त्या काठावर भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलं की गरी आठवतच नाही.

आमच्या ओळखीला चार-पाच महिने झाले असतील. पावसाळ्याचं तोंड होतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंद, धक्का सुनसान. त्या दिवशी पाणी गढूळ होतं. मी जिवंत बोय लावून गरी टाकली होती. अचानक काठी कमानीसारखी वाकली आणि पन्नास हातांवर एक रुपेरी धूड पाण्याबाहेर उसळलं, डोकं झाडत पुन्हा आत गेलं. चणाक! रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच. पंचवीस मिनिटं मी घामाने निथळत होतो. काठाला आणली तेव्हा सात-आठ किलोंची तरी होती. मनातल्या मनात मी जावयाला फोनही करून मोकळा झालो होतो.

आबा गुडघाभर पाण्यात उतरले. तिच्या पोटावरून हात फिरवला आणि सुरीने गरीजवळ तंगूस कापलं.

“मादी असा ती. पोटातला सोडूक चल्ली. जावंदे.”

चणाक जन्मते ती नर म्हणून. काही वर्षं नर राहते आणि मोठी झाल्यावर मादी होते. म्हणजे खाडीतली मोठी चणाक बहुधा मादीच, आणि पावसाच्या पहिल्या पाण्याला ती खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला निघालेली असते. हे शास्त्र मी नंतर वाचलं. त्या क्षणी मी संतापलो होतो. मासा माझा होता. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की त्यात ‘तुम्हांला काय अधिकार’ हे शब्द होते.

आबा शांतपणे काठावर येऊन बसले. विडी पेटली नाही, भिजली होती. मग म्हणाले, “माज्या होडयेचो कागद तुमच्याच सहीचो होतो.”

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू आठवलं. १९८६ साली मी याच तालुक्यातल्या एका शाखेत होतो, तिशीही गाठली नव्हती. इंजिनाच्या होड्यांसाठी तेव्हा कर्जं दिली जात. दोन हंगाम मासळी आली नाही की हप्ते थकत, आणि थकबाकीच्या नोटिसा मी गठ्ठ्याने सह्या करून पाठवत असे. त्यांतली एक यांची. पुढे होडी लिलावात गेली. नाव आठवलं नाही, चेहरा आठवला नाही. सही मात्र माझीच असणार, कारण त्या गठ्ठ्यांवर दुसऱ्या कुणाची नसे. मासळीचा हंगाम हप्त्याच्या तारखा बघून येत नाही, हे तेव्हाही कुणीतरी मला सांगितलं होतं; मी शेरा मारला होता, ‘कारण समाधानकारक नाही.’

“आबा, मग इतके महिने तुम्ही मला...”

“तेवा तुमची नोकरी होती, माजी होडी होती. आता दोघांकडेय काय नाय. बसा.”

मी बसलो. पाऊस आला तरी बसलो.

त्यानंतर आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही. मी दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला, आबांनी तिथी विचारली. आता शहरातून तरुण मुलं येतात, मासा पकडतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि सोडून देतात. आबांना ते पटत नाही. खायचा तर खा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नका, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, सोडणाऱ्या मुलांमुळे खाडीचं फारसं बिघडत नाही. वाळूउपशाने आणि रात्री एलईडी दिवे लावून मासळी ओढणाऱ्यांनी जे बिघडवलंय त्यापुढे हे काहीच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, हे मी आबांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, बरा केल्यानी, पण मोजूक कोण येतलो?

गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरतात. गरीच्या डोळ्यातून तंगूस ओवता येत नाही. परवा नवमी होती, पावणेसातची भरती. त्यांनी काही न बोलता गरी आणि दोरी माझ्यापुढे धरली. मी ओवली, पाच वेढे दिले, थुंकी लावून गाठ आवळली, तशी त्यांनीच शिकवली होती. आबांनी ती दातात धरून दोनदा जोराने ओढून पाहिली.

“चलात,” म्हणाले, आणि गरी पाण्यात सोडली.