मागच्या शॉकचं गणित

आपल्या सायकल स्टँडवर मागे शॉक असलेल्या सायकली दोन जातींच्या दिसतात. एकीत नुसती जाडजूड स्प्रिंग आणि तिच्यातून गेलेला रॉड. खड्डा लागला की ही सायकल डोलतच राहते, कारण स्प्रिंगने साठवलेली एनर्जी खाणारं तिथे कोणी नसतं. दुसरीत स्प्रिंगच्या किंवा कोंडलेल्या हवेच्या जोडीला डॅम्पर असतो. पिस्टन बारीक भोकांतून तेल ढकलतो आणि उसळीची उष्णता होते. व्हायब्रेशनच्या तासाला फळ्यावर काढतात तो मास-स्प्रिंग-डॅम्पर, दुसरं काही नाही.

पहिल्या जातीला महागडा शॉक बसवण्याच्या भानगडीत पडू नका. तिचे पिव्हट आधीच खुळखुळत असतात. त्याच मापाची साधी स्प्रिंग घाला आणि मेसचं बिल भरा.

दुसऱ्या जातीत मात्र विचार करावा लागतो, कारण चांगला शॉक सेकंडहँड सायकलीइतका महाग पडू शकतो. नुसतं तेल झिरपत असेल तर सील बदलून सर्व्हिसिंगवरही भागतं. रॉडवर ओरखडे असतील तर मात्र नवे सीलही फार टिकणार नाहीत.

नवा घ्यायचाच ठरला तर मापं दोन: दोन्ही डोळ्यांच्या मध्यांतलं अंतर (आय-टू-आय) आणि स्ट्रोक. जुन्या फ्रेमना २०० × ५७ मिमी अशी इंचांतून आलेली मापं असतात. २०१६ मध्ये रॉकशॉक्सने २१० × ५५ अशी मेट्रिक मापं आणली. ही दोन घराणी एकमेकांत बसत नाहीत. स्ट्रोक रॉडवर पट्टी लावून ठरवू नका, दिसणारा रॉड बऱ्याचदा जास्त लांब असतो. फ्रेम कंपनीचा आकडा बघा. 'जरा लांब घेऊ, ट्रॅव्हल वाढेल' हा मोह धोक्याचा आहे: स्ट्रोक वाढला तर शॉक पूर्ण दबल्यावर टायर सीट ट्यूबवर आदळू शकतो. बोल्टचा व्यास आणि बुशिंगची रुंदीही मोजा, ती फ्रेमप्रमाणे बदलते.

आता गणित. चाकाचा ट्रॅव्हल १५० मिमी आणि स्ट्रोक ५५ असेल तर लिव्हरेज रेशो २.७३. म्हणजे चाकावरच्या बळाच्या सरासरी पावणेतीनपट बळ शॉकवर. सामानासकट ७५ किलोच्या स्वाराचं साधारण ६५ टक्के वजन मागे धरलं तर चाकावर ४८० न्यूटन, शॉकवर सुमारे १३१०. नुसतं बसल्यावर शॉक ३० टक्के, म्हणजे १६.५ मिमी, दबायला हवा (यालाच सॅग म्हणतात). भागाकार केला की ७९ न्यूटन प्रति मिमी. स्प्रिंगवर आकडा पाउंड प्रति इंचात छापतात, म्हणून ४५० ची स्प्रिंग मागायची. रूममेट ९० किलोचा असेल तर त्याची स्प्रिंग उसनी घेऊन उपयोग नाही!

एअर शॉकला ही कटकट नाही, हवा कमी-जास्त केली की झालं, आणि वजनही कमी. शेवटी तो आपोआप कडक होत जातो, त्यामुळे लिव्हरेज फारसा न बदलणाऱ्या फ्रेमला छान जमतो. कॉइल लांब उतारावर जास्त एकसारखी वागते, पण फ्रेमचा लिव्हरेज शेवटाकडे कमी होत नसेल तर मोठ्या उडीनंतर धाडकन तळाला टेकते. माझं मत विचाराल तर हॉस्टेलवाल्याने एअरच घ्यावा.

बसवल्यावर लगेच फिरायला काढू नका. हवा हळूहळू सोडून (कॉइल असेल तर स्प्रिंग काढून) चाक पूर्ण वर ढकला आणि टायर किंवा शॉक फ्रेमला कुठे घासत नाही ना ते पाहा. मगच हवा भरा, तीही शॉकच्या हाय-प्रेशर पंपाने. इथे दोनशे पीएसआयच्या पुढेही जावं लागतं, पंक्चरवाल्याचा पंप पुरायचा नाही.