उबंटू अपग्रेडनंतर संगणक अडला? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

पांढुर्णा : विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे जुन्या मशीनवर ते सरळ चढत नाही. अशा मशीनसाठी उबंटू हा फुकटचा आणि बरा पर्याय आहे. (टॅली मात्र विंडोजवरच चालते. हिशेबाचं काम असेल त्यांनी आधी हा विचार करावा.) पण मुदत उबंटूलाही असते. २०.०४ ची मुदत ३१ मे २०२५ ला सरली, आणि तिथून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही. मध्ये २२.०४ वर थांबावंच लागतं. म्हणजे अपग्रेड दोनदा, आणि अडण्याची भीतीही दोनदा.

पांढुर्णा असो, सौसर असो की पलीकडचं वरुड-काटोल, संगणक अडला की पहिला सल्ला ठरलेला : "फॉरमॅट मारावं लागते." कियोस्कवाल्याच्या मशीनमध्ये गिऱ्हाइकांचे स्कॅन केलेले कागद, पावत्या, पोरांचे फॉर्म असतात. ते सगळं त्यात जाऊ शकतं. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो, बिघडलेली असते ती फक्त वरची व्यवस्था.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे अपग्रेड चालू असताना लाईन जाणं. अर्धी पॅकेजेस नवी, अर्धी जुनी, आणि सिस्टिम मधेच लटकते. मशीन चालू करताना कंपनीचं चिन्ह दिसलं की एस्केप दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबची यादी येईल. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल दिसतो. आधी तोच निवडून पाहा, कित्येकदा एवढ्यानेच काम भागतं. नाही भागलं तर 'रिकव्हरी मोड' घ्या. तिथे लॅनची वायर जोडून 'नेटवर्क' आणि मग 'डीपीकेजी' निवडा. अर्धवट राहिलेली पॅकेजेस ते स्वतः पूर्ण करतं. जागा भरल्याची तक्रार आली तर 'क्लीन' हा पर्याय आहे. बूटचं वेगळं विभाजन असलेल्या मशीनवर जुने कर्नल साचूनही अपग्रेड अडतं. मशीन सुरू झाल्यावर ते काढून टाका, पण एक जुना जवळ राहू द्या.

आता काळा पडदा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण समोर काहीच नाही. हा बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा गोंधळ असतो, त्यातही एनव्हीडियाचं कार्ड असेल तर जास्तच. ग्रबच्या यादीत उबंटूच्या ओळीवर राहून 'ई' हे अक्षर दाबा. लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट असं टाइप करा : इंग्रजी छोट्या अक्षरांत एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी, सलग. मग एफ १० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. म्हणून लगेच 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर टाका.

इथे एक गोम आहे. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी निळा पडदा येतो. घाईत लोक 'कंटिन्यू' दाबतात आणि ड्रायव्हर लागतच नाही. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. जीटी ६१० सारखं जुनं कार्ड असेल तर नवा ड्रायव्हर शोधत बसू नका. त्याला लागणाऱ्या ३९० मालिकेचा आधार एनव्हीडियाने २०२२ अखेर थांबवला. नूवो हा मुक्त ड्रायव्हर साध्या कामाला पुरतो. पासवर्ड टाकल्यावर पडदा लुकलुकत असेल तर लॉगिनच्या पानावर कोपऱ्यातल्या दातेरी चाकातून 'उबंटू ऑन झॉर्ग' घेऊन पाहा.

क्रोम किंवा बाहेरून घेतलेलं सॉफ्टवेअर अपडेट होत नसेल तर घाबरू नका. अपग्रेडच्या वेळी उबंटू बाहेरचे स्रोत बंद करतं. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये 'अदर सॉफ्टवेअर' खाली परत खूण केली की झालं.

आणि यातलं काहीच चाललं नाही, तर दुसऱ्या मशीनवर उबंटूचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून सुरू करा, 'ट्राय उबंटू' निवडा आणि आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फॉरमॅट मारायचंच असेल तर त्यानंतर मारा.