सागरी बंदरांतील गुणवत्ता, सुरक्षितता व सुरक्षा यांचे व्यवस्थापन : मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि येथील कांदा, डाळिंब व साखर यांची परदेशी बाजारपेठ बंदरांशीच निगडित आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला डाळिंबाचा ‘भगवा’ वाण निर्यातक्षम मानला जातो. परंतु शेतात साधलेली गुणवत्ता बंदरातील विलंबामुळे नष्ट होऊ शकते. प्रस्तुत लेखात बंदर व्यवस्थापनाच्या तीन अंगांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
सुरक्षितता म्हणजे अपघातापासून संरक्षण. सुरक्षा म्हणजे घातपात, चोरी, तस्करी अशा हेतुपुरस्सर कृत्यांपासून संरक्षण. तर गुणवत्ता म्हणजे माल वेळेवर, अचूक नोंदीसह व सुस्थितीत हाताळला जाणे होय.

सुरक्षितता :
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती व त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. कापसास लागलेली आग स्फोटकांपर्यंत पोहोचली. शेकडो नागरिकांसह अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. धोकादायक मालाचे वर्गीकरण, विलगीकरण व पूर्वसूचना या बाबी केवळ कागदोपत्री औपचारिकता नाहीत, हे या दुर्घटनेने दाखविले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईनजीक ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. तेलगळती झाली, अनेक कंटेनर समुद्रात पडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. अशा खोळंब्याची झळ नाशवंत मालाच्या उत्पादकास प्रथम बसते.

सुरक्षा :
अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने डिसेंबर २००२ मध्ये जहाज व बंदर सुविधा सुरक्षा संहिता स्वीकारण्यात आली. ती १ जुलै २००४ पासून अंमलात आली. तीनुसार प्रत्येक बंदर सुविधेसाठी धोक्याचे मूल्यमापन, सुरक्षा आराखडा, सुरक्षा अधिकारी व सुरक्षेचे तीन स्तर आवश्यक ठरले. मात्र कुंपण व पहारा एवढ्याने सुरक्षा पूर्ण होत नाही. जून २०१७ मधील संगणकीय हल्ल्यामुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. म्हणजेच सुरक्षेतील त्रुटी थेट सेवेच्या गुणवत्तेत उतरली.

परस्परसंबंध :
ही तीन अंगे प्रसंगी परस्परविरोधीही ठरतात. तपासणी वाढल्यास विलंब वाढतो. वेगावर भर दिल्यास तपासणी सैल होते. यावर जोखमीनुसार तपासणी हा मार्ग आहे. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढविण्यापूर्वी भरलेल्या कंटेनरच्या वजनाची पडताळणी बंधनकारक झाली. अचूक वजनामुळे जहाजाचा तोल सांभाळला जातो, म्हणून ती सुरक्षितता होय. नोंद विश्वसनीय होते, म्हणून ती गुणवत्ताही होय. आणि तफावत आढळल्यास संशयास्पद माल लक्षात येण्यास मदत होते.

निष्कर्ष :
गुणवत्ता, सुरक्षितता व सुरक्षा यांसाठी स्वतंत्र विभाग असले तरी जोखमीचे मूल्यमापन, घटनांची नोंद व सराव एकत्रित असणे आवश्यक आहे. अंतर्गत जिल्ह्यांतील वाणिज्य, भूगोल व कृषी विषयांच्या अध्यापनातही शेत ते बंदर ही साखळी सलगपणे मांडली जावी. कारण बंदरातील चुकीची किंमत अनेकदा बंदरापासून दूर असलेल्या उत्पादकास मोजावी लागते.