उडती तबकडी, सरकारी गुपित आणि तुमचा सिनॉप्सिस

"मला थ्रिलर कादंबऱ्यांवर पीएचडी करायची आहे. सरकारचे गुप्त प्रकल्प, परग्रहावरचं तंत्रज्ञान, लपवलेल्या फायली वगैरे. चालेल का?" पेटची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न अधूनमधून येतो. गाईड नाक मुरडतील ही त्यांची भीती असते. माझं उत्तर: विषय नक्की चालेल. पण त्यात एक खास धोका आहे, आणि तो गाईडचा नाही. कटाच्या गोष्टींचा अभ्यास करणारा माणूस हळूहळू त्या गोष्टींतल्या नायकासारखाच विचार करायला लागतो. त्याला प्रत्येक ओळीत खूण दिसते, प्रत्येक योगायोगात हेतू दिसतो. हे कसं होतं आणि कसं टाळायचं, ते आज बघू.

आधी एक खरी घटना

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात अनेक ठिकाणी आकाशात जळत जाणाऱ्या रेघा दिसल्या. आमच्या हाटकेशच्या सोसायटीच्या ग्रुपवरही ते व्हिडिओ फिरले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. परिसरात धातूचे गोळेही सापडले. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या आणि नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले.

थ्रिलरला लागणारं सगळं इथे आहे: आकाशातून पडलेली अनोळखी वस्तू, गावकरी, पोलीस, सरकारी शास्त्रज्ञ. कादंबरी इथूनच सुरू झाली असती.

पण अवकाशातल्या वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकांनी लवकरच सांगितलं की हे फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत. रॉकेटमध्ये दाबाखालचा वायू साठवायला गोल टाक्या असतात, म्हणून गोळे.

हे स्पष्टीकरण चांगलं का? ते तज्ज्ञांनी दिलं म्हणून नव्हे. ते चुकीचं ठरायला तयार होतं म्हणून. तो टप्पा दुसऱ्या दिवशीही कक्षेत फिरताना दिसला असता, किंवा त्याचा मार्ग विदर्भावरून जातच नसता, तर ते तिथल्या तिथे कोसळलं असतं. "परग्रहावरचं यान होतं, सरकारने दडवलं" या दाव्याला असं काही होत नाही. पुरावा मिळाला तर तो पुरावा, नाही मिळाला तर दडवल्याचा पुरावा. हा दावा कधीच हरत नाही, आणि म्हणूनच तो संशोधनाच्या कामाचा नाही.

पण सरकारं लपवतात की!

हो, लपवतात. इथे उलट्या बाजूला झुकू नका. १९४७ साली अमेरिकेत रॉसवेलजवळ काही अवशेष सापडले, आणि तो हवामानाचा फुगा होता असं लष्कराने सांगितलं. १९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अहवालात वेगळी माहिती आली: ते अवशेष बहुधा 'मोगल' प्रकल्पाच्या फुग्यांचे होते. सोव्हिएत अणुचाचण्यांचे आवाज उंचावरून टिपण्याचा तो गुप्त प्रकल्प. म्हणजे गुपित होतं, पण ते परग्रहवासीयांचं नव्हतं. आपल्याकडे १९७४ची पोखरण चाचणी होईपर्यंत फार थोड्यांना ठाऊक होती.

यातून संशोधकाने घ्यायचं ते एवढंच: 'काहीतरी लपवलंय' हे सिद्ध झालं म्हणजे 'काय लपवलंय' हे सिद्ध होत नाही. या दोन पायऱ्या आहेत, आणि थ्रिलर आपल्याला एका उडीत दोन्ही चढायला लावतो. वाचताना ती उडी मजेची असते. प्रबंधात तिथेच पाय मोडतो.

आता मराठी कादंबरीकडे

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही १९८०च्या दशकातली विज्ञान कादंबरी. गुरुत्वाकर्षणाच्या एका प्रयोगासाठी खोल खणताना जमिनीत एक पेटी सापडते. ती परग्रहाची नाही, पृथ्वीवरच होऊन गेलेल्या एका अतिप्रगत संस्कृतीची आहे. शोध गुप्त ठेवला जातो, तिच्यातलं ज्ञान उलगडत जातं, त्यातून वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो, आणि या ज्ञानावर डोळा ठेवणारी माणसं मागे लागतात.

आता एक 'शोध' बघा. नारळीकर १९७२ ते १९८९ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या निधीवर चालते. याच संस्थेची गुरुत्वाकर्षणाच्या प्रयोगांसाठी कर्नाटकात गौरीबिदनूरजवळ जमिनीखाली प्रयोगशाळा होती. त्याच भागात भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापकांची मोठी मांडणी आहे, जी दूरच्या अणुस्फोटांचे धक्केही टिपते. म्हणजे कादंबरीत एका खऱ्या गुप्त प्रकल्पाची सूचना आहे!

प्रत्येक तथ्य खरं आहे. निष्कर्ष मात्र हवेतला आहे. गुरुत्वाकर्षणावर काम करणाऱ्या संस्थेतल्या लेखकाने गोष्टीत गुरुत्वाकर्षणाचा प्रयोग घालणं यात नवल काय? माणूस ओळखीच्या जगातूनच गोष्ट रचतो. आणि ही प्रयोगशाळा गुप्तही नव्हती, तिथल्या प्रयोगांवर शोधनिबंध छापून आलेत. खरी तथ्यं ओळीने मांडली की ती आपोआप एकमेकांना जोडलेली वाटायला लागतात. थ्रिलरची ताकद तीच आणि नवख्या संशोधकाचा खड्डाही तोच.

मग संशोधनाचा प्रश्न कसा करायचा?

'लेखकाला खरं काय सुचवायचं होतं' हे सोडा. त्याऐवजी विचारा: गोष्टीत गुपित काय काम करतं? कोण लपवतं, कोणापासून, कशासाठी, आणि शेवटी ते कोणाला कळतं?

१९९३ साली सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकी मालिकेत सरकार जनतेपासून लपवतं आणि तेच संशयित असतं. 'वामन'मध्ये गुप्तता प्रामुख्याने राखणदारासारखी येते. धोका आहे तो ज्ञान पळवू पाहणाऱ्यांकडून आणि खुद्द त्या यंत्राकडून. हा फरक महत्त्वाचा वाटतो. त्यावरून एक दावा मांडता येईल: 'त्या काळच्या मराठी विज्ञानकथेत सरकारी गुप्तता ही खलनायक नसून संरक्षक आहे.'

इथे थांबा. एका कादंबरीवरून हे म्हणता येत नाही. पुढच्या पायऱ्या अशा:

१. कालखंड आणि यादी आधी ठरवा. समजा १९७५ ते २०००. नारळीकरांसोबत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर घ्या. दिवाळी अंकांतल्या कथा विसरू नका, 'नवल'सारखे अंक चाळावेच लागतील. आम्हा हाटकेशकरांना त्यासाठी घोडबंदर रोडने ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठता येतं. आपल्या दाव्याला सोयीच्या कथा निवडून यादी करू नका.

२. प्रत्येक कथेला तेच चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तक्त्यात भरा. कंटाळवाणं काम आहे, पण तेच काम आहे.

३. दुसरी स्पष्टीकरणं लिहा. लेखक सरकारी निधीच्या संस्थांत होते म्हणून असं झालं का? की विज्ञानप्रसार हा हेतू होता म्हणून? की वाचकाची चव? सुरेशचंद्र नाडकर्णींचं 'पृथ्वीवर माणूस उपराच' मराठीत आवडीने वाचलं जात होतं, हेही विसरू नका. प्रत्येक स्पष्टीकरण खरं असेल तर तक्त्यात काय दिसायला हवं, ते लिहून ठेवा.

४. दावा कधी सोडाल ते आधीच लिहा. उदाहरणार्थ, निम्म्याहून जास्त कथांत सरकारच खलनायक निघालं तर दावा मागे. हा आकडा वाचून झाल्यावर ठरवायचा नाही.

चौथी पायरी सगळ्यात अवघड, आणि तिचा उत्तम नमुना नारळीकरांच्याच कामात आहे. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या. प्रत्येकी ४० पत्रिका, आणि कोणती कोणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं, म्हणजे नाणेफेकीच्या आसपास. मुद्दा ज्योतिषाचा नाही. यश कशाला म्हणायचं हे उत्तरं यायच्या आधी ठरलं होतं, हा मुद्दा आहे.

व्हायवात विचारला जाणारा प्रश्न

"काय सापडलं असतं तर तुम्ही हा निष्कर्ष काढला नसता?" सिनॉप्सिसच्या वेळी हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, आणि नाही विचारला तरी स्वतःला विचारा. "सर, सगळ्या कथा माझंच म्हणणं सिद्ध करतात" हे उत्तर आलं, तर समजा की तुम्ही अभ्यासक राहिला नाहीत, कथेतलं पात्र झालात.

विषय 'हलका' आहे म्हणून घाबरू नका. पळवलेल्या यंत्रमानवावरही भक्कम प्रबंध होतो आणि मोठमोठ्या अभिजात ग्रंथांवरही पोकळ होतो. आज रात्री एक काम करा: सिनॉप्सिसमधला मुख्य दावा एका वाक्यात लिहा, आणि त्याच्याखाली तो कशाने कोसळेल ते दुसऱ्या वाक्यात. दुसरं वाक्य जमलं नाही, तर पहिलं बदला.